अनोळखी धातूची ओळख उष्णतेवरून कशी पटते?

समजा, प्रयोगशाळेच्या टेबलावर ८० ग्रॅम वजनाचा, चकचकीत, राखाडी-पांढऱ्या रंगाचा एक दंडगोल ठेवला आहे आणि तो न कापता, न वितळवता, आम्लात न बुडवता तो कशाचा आहे हे सांगायचे आहे. रंगावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, कारण न्हाणीघरातली मुलामा दिलेली तोटीसुद्धा अशीच पांढरी चमकते आणि आतून ती बहुतेक वेळा पितळेची असते. चुंबक चिकटला नाही तर साधे लोखंड आणि निकेल बाद होतात, पण चुंबकाला दाद न देणारे पोलादही बाजारात भरपूर असते. अशा वेळी हा तुकडा एक अंशाने तापवण्यासाठी किती उष्णता लागते, हा प्रश्न उपयोगी पडतो.

एक ग्रॅम पदार्थाचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यासाठी जितकी उष्णता लागते, तिला त्या पदार्थाची विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. पाण्यासाठी ती सुमारे ४.१८ ज्यूल आहे आणि ती इतकी मोठी आहे की नेहमीच्या वापरातला कोणताही धातू तिच्या आसपास फिरकत नाही. ॲल्युमिनियमची ०.९०, लोखंडाची ०.४५, निकेलची ०.४४, जस्ताची ०.३९, तांब्याची ०.३८५, पितळेची सुमारे ०.३८, चांदीची ०.२३५, कथिलाची ०.२३, तर सोने आणि शिसे या दोघांचीही सुमारे ०.१३ एवढीच असते. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात लोखंड, तांबे आणि शिसे यांचे सारख्या वस्तुमानाचे गोळे उकळत्या पाण्यात तापवून मेणाच्या जाड थरावर ठेवण्याचा प्रयोग आहे. त्यात लोखंडाचा गोळा सर्वांत खोल रुततो आणि शिशाचा सर्वांत कमी. प्रयोग पाहायला छान आहे, पण त्यातून क्रम कळतो, आकडा कळत नाही, आणि अनोळखी धातूसाठी आकडाच हवा असतो.

हा आकडा काढण्यामागची कल्पना जुनी आहे. ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या सुमारास हे स्पष्ट केले की तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निरनिराळे पदार्थ सारख्याच तापमानवाढीसाठी निरनिराळी उष्णता घेतात. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड असूनही पाण्यापेक्षा लवकर तापतो, ही गोष्ट त्यांना विशेष बोलकी वाटली होती. पुढे १७८३ मध्ये पॅरिसला लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी गरम वस्तू बर्फाने वेढून, वितळलेल्या पाण्याच्या वजनावरून तिने किती उष्णता सोडली हे मोजणारे उपकरण मांडले. आज शाळा-महाविद्यालयांत बर्फाऐवजी पाणी वापरतात. तापलेला धातू थंड पाण्यात टाकायचा, दोन्ही एका तापमानाला येऊ द्यायचे आणि धातूने गमावलेली उष्णता म्हणजे पाण्याने व भांड्याने कमावलेली उष्णता असे समीकरण मांडायचे, इतकेच. उष्णता विनिमयाचे हे तत्त्व बाहेरची हवा या व्यवहारात भाग घेत नाही असे गृहीत धरते, आणि प्रयोगातली बहुतेक दुखणी तिथेच सुरू होतात.

आता प्रयोग पुण्यात चालला आहे असे समजू. ठिकाण सांगण्याला कारण आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तिथे पाणी १०० अंशांना नव्हे, तर सुमारे ९८ अंशांना उकळते. महाबळेश्वरला तर ते ९६ च्याही खाली येते. आपला दंडगोल कोरड्या परीक्षानळीत ठेवून ती नळी उकळत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे उभी ठेवली, तर धातूचे तापमान ९८ अंश झाले असे धरता येईल. तांब्याच्या कॅलरीमापीचे, म्हणजे उष्णता मोजण्यासाठी वापरायच्या भांड्याचे, वजन ढवळणीसह ६० ग्रॅम असून त्यात २६ अंश तापमानाचे १०० ग्रॅम पाणी घेतले आहे. नळी तिरकी करून धातू अलगद पाण्यात सोडला, झाकण लावले, ढवळणी वरखाली केली आणि पारा चढत चढत ३०.७ अंशांवर स्थिरावला.

हिशेब असा होतो. १०० ग्रॅम पाण्याला प्रत्येक अंशासाठी ४१८ ज्यूल लागतात आणि तांब्याच्या भांड्याला ६० × ०.३८५ म्हणजे २३.१ ज्यूल लागतात, तेव्हा दोघांना मिळून ४४१.१ ज्यूल. तापमान ४.७ अंशांनी वाढले, म्हणजे पाण्याने आणि भांड्याने मिळून सुमारे २०७३ ज्यूल उष्णता घेतली. ती सगळी धातूकडून आली आणि धातू ९८ वरून ३०.७ पर्यंत, म्हणजे ६७.३ अंशांनी उतरला. २०७३ ला ८० ने आणि ६७.३ ने भागले की ०.३८५ हे उत्तर येते. तांब्याचा आकडा अगदी हाच असल्यामुळे बहुतेक प्रयोगवह्यांत इथे ‘धातू तांबे आहे’ असे लिहून खाली रेघ मारली जाते.

ती रेघ इतक्यात मारू नये. समीकरणातून आलेला आकडा तापमापी जितकी बारकाईने वाचली असेल तितकाच खरा असतो, आणि आपल्या प्रयोगातली नाजूक जागा म्हणजे पाण्याची ती जेमतेम ४.७ अंशांची वाढ. एकेका अंशाच्या खुणा असलेली साधी तापमापी वापरली आणि दोन्ही वाचनांत प्रत्येकी अर्ध्या अंशाची चूक विरुद्ध दिशांना झाली, तर वाढ ३.७ पासून ५.७ पर्यंत कितीही असू शकते आणि उत्तर ०.३० ते ०.४७ या पट्ट्यात कुठेही पडू शकते. या पट्ट्यात तांबे, जस्त, पितळ, निकेल, लोखंड सगळेच बसतात. ॲल्युमिनियम, कथिल, चांदी आणि शिसे नक्की बाद झाले, एवढेच त्यातून प्रामाणिकपणे म्हणता येते. तेच एक-दशांश अंशाच्या खुणा असलेली तापमापी घेऊन प्रत्येक वाचनातली चूक ०.०५ अंशात राखली, तर पट्टा ०.३७७ ते ०.३९४ इतका अरुंद होतो आणि लोखंड व निकेल बाहेर पडतात. माझ्या मते या प्रयोगाला दिले जाणारे अर्धे गुण उत्तरासाठी नव्हे, तर हा पट्टा मांडण्यासाठी असायला हवेत, कारण पट्ट्याशिवाय लिहिलेल्या ०.३८५ या आकड्याने कोणताच धातू ओळखला जात नाही.

पाणी कमी घेतले तर वाढ मोठी मिळते, हे खरे आहे. १०० ऐवजी ५० ग्रॅम पाण्यात तोच धातू टाकला, तर तापमान सुमारे ८.४ अंशांनी चढते आणि वाचनातल्या चुकीचे वजन जवळजवळ निम्मे होते. मात्र तेव्हा एकूण उष्णतेतला भांड्याचा वाटा पाच टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर जातो, पाणी खोलीपेक्षा जास्त गरम झाल्याने हवेत जाणारी उष्णता वाढते आणि दंडगोल पाण्यात पुरता बुडतो की नाही हेही पाहावे लागते.

याहून घातक चुका आकडेमोडीत दिसत नाहीत. अनेक ठिकाणी धातू दोऱ्याला बांधून थेट उकळत्या पाण्यात सोडतात आणि तसाच उचलून कॅलरीमापीत टाकतात. तसे करताना दंडगोलाच्या अंगाला आणि दोऱ्याला मिळून एक ग्रॅम गरम पाणी चिकटून आले, तर ते एकटेच सुमारे २८० ज्यूल घेऊन येते, म्हणजे धातूने आणलेल्या उष्णतेच्या तेरा-चौदा टक्के. उत्तर ०.३८५ वरून ०.४४ च्या जवळ सरकते आणि आपल्या हातातला तुकडा बसल्या जागी निकेल होतो. कोरडी परीक्षानळी वापरायची ती यासाठीच. उलट बाजूने, धातू नळीतून बाहेर पडल्यापासून पाण्यात पोहोचेपर्यंत हवेत गार होत असतो आणि त्यामुळे उत्तर खाली ओढले जाते. या दोन चुका एकमेकींना खाऊन टाकू शकतात. मग पुस्तकातला आकडा तंतोतंत जुळतो, विद्यार्थी खूश होतो आणि प्रयोग मात्र दोन्ही बाजूंनी चुकलेला असतो.

भांड्याचा वाटा विसरणे ही तर नेहमीची चूक. आपल्या उदाहरणात २३.१ ज्यूलचा तो वाटा सोडून दिला तर उत्तर ०.३६५ येते. पुण्यात राहून धातूचे तापमान सवयीने १०० अंश लिहिले, तर ०.३७४ येते. अशा तीन ते पाच टक्क्यांच्या चुका किरकोळ वाटतात, पण तांबे, पितळ आणि जस्त यांच्यातले अंतरच त्याहून कमी आहे.

हवेशी होणाऱ्या देवाणघेवाणीवर काउंट रम्फर्ड यांची एक जुनी, सुटसुटीत युक्ती आहे. अपेक्षित वाढीच्या निम्म्याने पाणी खोलीपेक्षा थंड घ्यायचे, म्हणजे प्रयोगाच्या पहिल्या भागात पाणी हवेकडून थोडी उष्णता घेते आणि नंतरच्या भागात तेवढीच साधारणपणे परत देते. खोलीचे तापमान २८.४ अंश असेल, तर २६ अंशांपासून सुरुवात करून ३०.७ वर संपणारा आपला प्रयोग या युक्तीत नेमका बसतो, आणि नळाच्या पाण्यात थोडे माठातले पाणी मिसळले की २६ अंश सहज साधतात. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत मात्र पाणी फार थंड घेऊ नये. भांड्याच्या बाहेरून दव जमले, तर ते जमताना सोडलेली अप्रकट उष्णता भांड्यालाच मिळते आणि हिशेबात तिची नोंद कुठेच नसते.

एवढी सगळी काळजी घेऊनही आपण ०.३७७ ते ०.३९४ या पट्ट्यापाशीच थांबतो आणि तिथे तांबे, जस्त, पितळ तिघेही उभे आहेत. इथे उष्णतेने दिलेली साक्ष संपते आणि दुसरा साक्षीदार बोलवावा लागतो, तो म्हणजे घनता. मोजपात्रातल्या एक मिलिलिटरच्या खुणा या कामाला जाड पडतात, त्यापेक्षा स्वयंपाकघरात किंवा सराफाकडे असतो तसा इलेक्ट्रॉनिक काटा वापरावा. काट्यावर पाण्याचे चंचुपात्र ठेवून आकडा शून्य करावा, दंडगोल बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा हातात लोंबता धरावा आणि काटा वाचावा. काट्यावर जितके ग्रॅम दिसतात, तितके मिलिलिटर दंडगोलाचे आकारमान, कारण तुकडा पाण्याला नेमक्या त्याच्याच आकारमानाच्या पाण्याच्या वजनाइतका खाली दाबतो. आपला ८० ग्रॅमचा तुकडा जस्ताचा असता तर काट्यावर ११.२ दिसले असते आणि तांब्याचा असता तर ८.९. दिसले ते ९.४. भागाकार केला की घनता ८.५ येते. ती तांब्याच्या ८.९६ आणि जस्ताच्या ७.१४ यांच्या मधे आहे आणि नेहमीच्या पितळेची घनता एवढीच असते. मुलामा दिलेले पितळ, असा निष्कर्ष आता काढता येतो.

नुसती घनता मोजली असती तर चालले असते का? नाही. तांबे आणि निकेल यांची घनता जवळजवळ सारखी आहे, पण त्यांच्या विशिष्ट उष्माधारकतेत पंधरा टक्क्यांचे अंतर आहे. कॅडमियमची घनता ८.६५ म्हणजे पितळेला लागूनच आहे, पण त्याची विशिष्ट उष्माधारकता ०.२३ एवढीच आहे. एक साक्षीदार जिथे गप्प बसतो तिथे बहुधा दुसरा बोलतो. कानशीने एक कोपरा घासून आतला पिवळा रंग पाहणे यापेक्षा कितीतरी सोपे होते, हे मान्य करायला हवे. पण वस्तूला ओरखडा चालणार नसेल तेव्हा हाच मार्ग उरतो.

तांबे, जस्त आणि त्यांच्यापासून झालेले पितळ यांचे आकडे इतके जवळ का, या प्रश्नाचे उत्तर या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे. १८१९ मध्ये प्येर द्युलाँ आणि अलेक्सी पेती या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की घन मूलद्रव्याची विशिष्ट उष्माधारकता आणि त्याचे अणुवस्तुमान यांचा गुणाकार जवळजवळ सर्वत्र सारखाच येतो. आजच्या एककांत तो सुमारे २५ आहे. ॲल्युमिनियमसाठी २४.२, लोखंडासाठी २५.१, तांब्यासाठी २४.५, चांदीसाठी २५.३, सोन्यासाठी २५.४ आणि शिशासाठी २६.७ इतका तो भरतो. याचा अर्थ असा की उष्णता वजन पाहून वाटली जात नाही, ती अणू मोजून वाटली जाते. नेहमीच्या तापमानाला धातूतला प्रत्येक अणू, मग तो हलका असो वा जड, एका अंशासाठी जवळपास सारखीच ऊर्जा घेतो. शिशाचा अणू ॲल्युमिनियमच्या अणूपेक्षा साडेसात पटींहून अधिक जड आहे. म्हणून एक ग्रॅम शिशात अणू त्याच प्रमाणात कमी असतात आणि त्याला उष्णताही जवळपास त्याच प्रमाणात कमी लागते. तांब्याचे अणुवस्तुमान ६३.५ आणि जस्ताचे ६५.४, म्हणजे आवर्तसारणीत शेजारी. सोने १९७ आणि शिसे २०७ हेही फार लांब नाहीत. कॅलरीमापीला हे शेजारी वेगळे ओळखता येत नाहीत याचे कारण उपकरणाच्या कमकुवतपणात कमी आणि त्या अणूंच्या वजनातच अधिक आहे.

हाच नियम उलटा वापरला तर अनोळखी धातूच्या अणूचे वजन कळते, आणि एकोणिसाव्या शतकात त्याचा खरा उपयोग झाला तो असा. १८६३ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्ग येथे फर्डिनांड राइश आणि थिओडोर रिश्टर यांना जस्ताच्या खनिजात एक नवे मूलद्रव्य सापडले. राइश यांना रंग नीट ओळखता येत नसल्याने वर्णपटाकडे रिश्टर पाहत होते आणि त्यांना दिसलेल्या निळ्या-जांभळ्या रेषेवरून त्या धातूचे नाव इंडियम पडले. ऑक्सिजनच्या ठरावीक वजनाबरोबर किती इंडियम जोडले जाते हे मोजता आले, पण त्या ऑक्साइडमध्ये दोन मूलद्रव्यांचे अणू कोणत्या प्रमाणात आहेत हे कोणाला माहीत नव्हते. जस्ताबरोबर सापडला म्हणून जस्तासारखा एकास एक असणार, या अंदाजाने अणुवस्तुमान ७५.६ धरले गेले. मेंडेलीव्ह यांच्या आवर्तसारणीत त्या वजनाला रिकामी जागाच नव्हती. आर्सेनिक ७५ आणि सेलेनियम ७९ यांच्या मधे इंडियमसारखा मऊ धातू शोभतही नव्हता. त्यांनी असे सुचवले की ऑक्साइडमध्ये इंडियमचे दोन आणि ऑक्सिजनचे तीन अणू असावेत आणि मग अणुवस्तुमान ११३ च्या आसपास येईल.

निकाल लागला तो उष्णतेने. हायडेलबर्गच्या रॉबर्ट बुन्सेन यांनी १८७० मध्ये बर्फाचा एक नवा कॅलरीमापी तयार केला होता. बर्फ वितळताना आकसतो, आणि वितळलेले पाणी गोळा करून तोलण्याऐवजी ते आकसणे मोजायचे, अशी त्यांची योजना असल्याने अगदी थोड्या नमुन्यावरही काम भागत असे. इंडियमसारख्या दुर्मीळ धातूसाठी याची गरजच होती. त्यांना इंडियमची विशिष्ट उष्माधारकता त्या वेळच्या एककात ०.०५७ मिळाली, आजच्या एककांत सुमारे ०.२४. तिला ७५.६ ने गुणले तर १८ येतात, ११३.४ ने गुणले तर २७ येतात. २५ च्या जवळ कोण आहे हे ठरवायला इथे फार काटेकोर मोजमापही लागत नाही. द्युलाँ आणि पेती यांचा नियम ढोबळ आहे हे खरे, पण ७६ की ११३ असा प्रश्न असेल तेव्हा ढोबळ नियमही खणखणीत उत्तर देतो. इंडियमचे आज स्वीकारलेले अणुवस्तुमान ११४.८ आहे.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते हलक्या व कठीण पदार्थांत सापडतात. बेरिलियमचा गुणाकार १६ च्या थोडा वर आणि हिऱ्याचा तर जेमतेम ६ येतो. त्यांचे अणू इतके घट्ट बांधलेले असतात की खोलीच्या तापमानाला त्यांना आपल्या वाट्याची पुरती ऊर्जा घेताच येत नाही. हे पुंज सिद्धान्ताच्या आधारे १९०७ मध्ये आइन्स्टाइन यांनी दाखवले. नेहमीच्या धातूंची ओळख पटवताना याची अडचण येत नाही.

खरी अडचण येते ती सोन्याच्या बाबतीत. सोने आणि शिसे यांच्या विशिष्ट उष्माधारकता सारख्या असल्या तरी घनता १९.३ आणि ११.३ अशी असल्याने फसवणूक लगेच उघडी पडते. टंगस्टनची गोष्ट निराळी आहे. त्याची विशिष्ट उष्माधारकता ०.१३२, सोन्याची ०.१२९, आणि घनता १९.२५ विरुद्ध १९.३. टंगस्टनच्या गाभ्यावर सोन्याचा जाड थर दिला तर वर सांगितलेले दोन्ही साक्षीदार त्याला सोनेच म्हणतील. कसोटीचा दगड वरवरचा थर पाहतो, आणि क्ष-किरणांनी शुद्धता सांगणारे सराफाकडचे यंत्रही पृष्ठभागाच्या फार खाली पाहू शकत नाही. तिथे श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणारा उच्च वारंवारतेचा ध्वनी आत सोडून त्याचा वेग मोजावा लागतो, कारण टंगस्टनमधून ध्वनी सोन्याच्या दीडपटीहून अधिक वेगाने जातो, किंवा विद्युतरोध पाहावा लागतो, जो टंगस्टनमध्ये सोन्याच्या दुपटीहून जास्त असतो.